काठ कसा आहे?

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये बुडून मरायला बराच वेळ लागतो.

2014 साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचा नियम साधा आहे. तुमच्या पात्राच्या काटकपणाचा जो काही बोनस असेल, त्यात एक मिळवायचा. जो आकडा येईल तितकी मिनिटं ते पात्र श्वास रोखू शकतं. बोनस शून्य असेल तर एक मिनिट, तीन असेल तर चार मिनिटं. श्वास संपल्यावरही ते लगेच पडत नाही. बोनसइतके राउंड आणखी मिळतात, किमान एक तरी. एक राउंड म्हणजे सहा सेकंद. त्यानंतर मात्र पात्र थेट शून्यावर येतं. 2024 च्या सुधारित आवृत्तीत शेवटचा टप्पा बदलला आणि श्वास संपला की दर टर्नला थकव्याची एकेक पायरी चढते. सहावी पायरी म्हणजे मरण. मिनिटांचा हिशेब मात्र तोच राहिला.

हे काय चाललंय असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी सांगते. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये ती पोरं तळघरात टेबलाभोवती बसून जे खेळतात, तेच हे. एक जण गेम मास्टर असतो. तो जग सांगतो, संकटं आणतो. बाकीचे एकेक पात्र घेतात, आपण काय करतो ते बोलून सांगतात आणि जमलं की नाही ते फासे ठरवतात. ना बोर्ड लागतो ना स्क्रीन. वही, पेन्सिल, फासे आणि वेळ एवढंच लागतं. वऱ्हाडात वेळेची तशी कमतरता नाही.

आमच्या टेबलावर आम्ही पाच जण. तिघं अमरावतीचे, दोघं अकोल्याचे. शंभरेक किलोमीटरचं अंतर, त्यामुळे एक रविवार इकडं, एक रविवार तिकडं. मी अकोल्याची आणि गेम मास्टर. ड्रॅगन-एल्फ खेळून कंटाळा आल्यावर आम्ही आमचंच जग बनवलं. सोळावं शतक, इमादशाही, राजधानी अचलपूर. टेबलावर एक चोर, एक पहिलवान, एक हकीम आणि एक तिरंदाज. तिरंदाज खेळणारी पोरगी दिवसा मेडिकल स्टोअर सांभाळते, चोर एमपीएससीची तयारी करतो.

2022 च्या पावसाळ्यात या चौघांना मी अकोट तालुक्यातल्या नरनाळा किल्ल्यावर नेलं. तिथं शक्कर तलाव आहे. रात्रीची वेळ, पाण्यात लपवलेली पेटी, वर पहारा. कोणी ना कोणी पाण्यात पडणार हे नक्की होतं, म्हणून मी आधीच नियम काढून बसले. चार मिनिटं श्वास रोखणारा चोर बघून मला आबाजी आठवले.

*

आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. मोर्शी तालुक्यात त्यांची संत्र्याची बाग होती आणि बागेत दगडी बांधकामाची विहीर. पंपाचा फूटव्हॉल्व्ह गाळानं अडकला की आबाजी स्वतः बुडी मारायचे. आम्ही पोरं वर कठड्याला धरून मोठ्यानं आकडे मोजायचो. नुसती बुडी मारून तळाशी बसले तर आमचे आकडे साठाच्या आसपास जायचे. पण पाना घेऊन व्हॉल्व्हशी झटापट असली की वीस-पंचवीसला डोकं वर. मी कारण विचारलं तर म्हणाले, "चूप बसलं त दम पुरते. हात चालवला का सरते."

हा नियम मला छापील मिळाला तो दुसऱ्या एका गेममध्ये. स्टीव्ह जॅक्सननं 1986 साली काढलेल्या गर्प्समध्ये श्वास रोखण्याचे तीन दर आहेत. पात्राची तब्येत दहा असेल, म्हणजे साधारण माणसाची, तर स्वस्थ पडून 100 सेकंद, हलकी हालचाल असेल तर 40 सेकंद आणि झुंज असेल तर फक्त 10. आबाजींनी गर्प्स कधी पाहिलं नव्हतं, पण गणित तेच मांडलं होतं.

आकड्यांचा शोध घेता घेता मी खऱ्या शरीरापर्यंत पोचले. सराव नसलेला माणूस कोरड्या जमिनीवर, खुर्चीत बसून, साधारण अर्धा ते दीड मिनिट श्वास रोखतो. फ्रान्सच्या स्टेफान मिफस्यूदनं 2009 साली 11 मिनिटं 35 सेकंद रोखला होता. पण तो शांत पाण्यात पालथा तरंगत होता, एकही स्नायू विनाकारण न हलवता. अंगात चिलखत, हातात तलवार आणि मागं पहारेकरी असं त्याचं काही नव्हतं.

आणखी एक गोष्ट कळली, ती मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. दम कोंडल्यावर छातीत जी आग होते, ती ऑक्सिजन संपल्याची खूण नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्याची असते. म्हणून काही जण बुडीआधी भराभर खोल श्वास घेतात. त्यानं ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र कमी होतो. म्हणजे धोक्याची घंटाच उशिरा वाजते. घंटा वाजायच्या आत ऑक्सिजन संपला तर माणूस पाण्याखाली न धडपडता बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेही असे जातात. गर्प्समध्ये या भराभर श्वासांचा फायदा मिळतो. माझ्या वहीत मी तिथं लिहिलं: फायदा द्यायचा, पण श्वास किती उरलाय ते खेळाडूला सांगायचं नाही. फासा गेम मास्टरनं झाकून टाकायचा.

इथपर्यंत मी फक्त फुफ्फुसाचा विचार करत होते.

*

आबाजींची विहीर आता कोरडी आहे. वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात गेल्या काही दशकांत बोअर इतके खोल गेले की विहिरींचं पाणी तळाला जाऊन मग गेलंच. बोअरचं आणि पावसाचं पाणी साठवायला शेततळी आली. 2016 पासून 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी योजनाही होती. पाणी मुरू नये म्हणून पुष्कळ तळ्यांना आतून प्लास्टिकचं अस्तर घालतात. बाग जगते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या तळ्यांबद्दल माझी तक्रार नाही.

पण विहीर आणि शेततळं यांच्या काठात फरक असतो. आबाजींच्या विहिरीला आतून दगडी पायऱ्या होत्या. पंपाचा पाइप, लोंबणारा दोर, भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप, असं काही ना काही हाताला लागायचं. अस्तराच्या तळ्याला चारी बाजूंनी उतार असतो आणि तो सगळा गुळगुळीत. पाण्याखालच्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं. पाय ठेवला की घसरतो, हात ठेवला की घसरतो. काठ दोन हातांवर दिसतो आणि मिळत नाही.

माझा मामेभाऊ 2018 च्या मे महिन्यात अशाच एका तळ्यात गेला. चौदा वर्षांचा होता. त्याला पोहता येत होतं. अमरावतीत उन्हाळी शिबिरात रीतसर शिकला होता. पण तिथल्या टँकला शिडी असते.

सोबत त्याचा मित्र होता. त्याला पोहता येत नव्हतं, म्हणून तो आत उतरला नाही. बांधाच्या पलीकडे झाडाच्या सावलीत बसला होता, पंधरा-वीस पावलांवर. नंतर सगळ्या गावानं त्याला एकच प्रश्न विचारला, तुले आवाज कसा नाई आला? तो एकच उत्तर देत राहिला. "आवाजच नाई आला." आधी विचारणारे रडत होते, मग चिडले, मग कुजबुजायला लागले. त्यानं ऐकलं आणि घाबरून पळाला, असं म्हणणारे निघाले. दोघांचं भांडण झालं होतं, असंही कोणी म्हणालं. मी तेव्हा शिकायला पुण्यात होते. हे सगळं मला फोनवर तुकड्या-तुकड्यानं कळत गेलं. मामी त्या पोराचं नाव घेत नाही, एवढंच आई सांगायची.

चार वर्षांनी शक्कर तलावासाठी नियम शोधताना मला फ्रँक पिया सापडला.

पिया न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक होता. 1970 च्या सुमारास त्यानं खऱ्याखुऱ्या बुडणाऱ्या लोकांचं आणि त्यांना वाचवण्याचं चित्रण केलं. ते पाहून त्यानं जे टिपलं, त्याला 'इन्स्टिंक्टिव्ह ड्राउनिंग रिस्पॉन्स' म्हणतात. बुडताना शरीर आपोआप काय करतं, त्याचं वर्णन. तोंड पाण्याखाली जातं, क्षणभर वर येतं, पुन्हा खाली. त्या क्षणात श्वास सोडायचा आणि घ्यायचा असतो, हाक मारायला हवाच उरत नाही. हात वर करून हलवता येत नाहीत, ते दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, कारण तसं केलं तरच तोंड वर येतं. शरीर उभंच्या उभं, पाय जवळपास थांबलेले. दोर फेकला तरी तो पकडणं हाताच्या ताब्यात नसतं. आणि हे सगळं 20 ते 60 सेकंद चालतं. मग माणूस खाली जातो.

जो ओरडतो, हात हलवतो, तोही संकटात असतोच. पण त्याच्याकडे अजून थोडा वेळ असतो. तो दोर धरू शकतो. सिनेमात आपण बुडणं म्हणून जे बघतो ते या आधीच्या टप्प्याचं. प्रत्येक जण त्या टप्प्यातून जातोच असंही नाही.

मी ते दोनदा वाचलं. मग वही बंद केली. आवाजच नाई आला. तो पोरगा चार वर्षं खरं बोलत होता.

*

पुढच्या रविवारी मी टेबलावर नवा नियम मांडला. पहिलवानानं हरकत घेतली. "ड्रॅगन आग ओकते ते चालते, अन् दम मात्र खराच पायजे का?"

हरकत बरोबर होती. खेळाचे नियम सोपे असतात कारण त्यांना गोष्ट पुढं न्यायची असते. पाण्याखालच्या महालात लढाई व्हायची असेल तर चार मिनिटं हवीतच. दर सहा सेकंदांनी पाच बेरजा करायला कोणी टेबलावर बसत नाही. 2003 च्या साडेतीनाव्या आवृत्तीत ते होतं. काटकपणाच्या दुप्पट राउंड श्वास रोखायचा, मग दर राउंडला फासा, दर फाशाला अवघडपणा एकानं जास्त. गणित बारीक झालं म्हणून काही बुडणं खरं झालं नाही.

कारण या सगळ्या नियमांत बुडणं ही एकट्या बुडणाऱ्याची गोष्ट आहे. त्याची फुफ्फुसं, त्याचा फासा, त्याचा टर्न. आणि तो वेळभर तोंडानं सांगत असतो, "माझे दोन राउंड राहिले रे!" खऱ्या पाण्यात नेमकं हेच नसतं. तिथं बुडणाऱ्याच्या हातात जवळपास काही उरत नाही. टर्न असतो तो काठावरच्यांचा, आणि आपला टर्न आलाय हेच त्यांना माहीत नसतं.

म्हणून मी फुफ्फुसाचे आकडे तसेच सैल ठेवले आणि नियम केला तो काठाचा. ज्याचं पात्र बुडायला लागतं त्याच्या हातात मी गुपचूप एक कार्ड देते. कार्डावर लिहिलेलं असतं: तुझा आवाज गेला. आता बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. सहा बाजूंचा एक फासा मी झाकून टाकते आणि त्यात तीन मिळवते. तितके राउंड. म्हणजे 24 ते 54 सेकंद.

शक्कर तलावात चोर पडला. पेटी वर आली होती आणि बाकी तिघं तिच्या कुलपावरून भांडत होते. हकीमाला कुलूप तोडायचं होतं, तिरंदाजाला किल्ली शोधायची होती. एक राउंड गेला. दुसरा गेला. चोर खेळणारा एरवी एक मिनिट गप्प बसत नाही. कार्ड मांडीवर ठेवून तो तिघांच्या तोंडाकडं बघत होता. तिसरा. चौथ्या राउंडला पहिलवान फासा टाकता टाकता थांबला. "अबे, हा कवाचा बोलून नाई राह्यला."

मग जी पळापळ झाली! पहिलवान उडीच मारणार होता, तिरंदाजानं अडवलं. हकीमानं पागोटं सोडून फेकलं. ते चोरापर्यंत पोचलं, पण त्याच्या हातांना पकडता येईना. शेवटी पहिलवानानं पागोट्याचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दुसरं दोघांच्या हातात दिलं आणि मग उतरला. त्या दिवशी पेटीत काय निघालं ते आज कोणाला आठवत नाही.

*

हे आमच्या भागात सुचावं यात नवल नाही. 14 सप्टेंबर 2021 रोजी वरूड तालुक्यात श्रीक्षेत्र झुंजजवळ वर्धा नदीत होडी उलटली आणि 11 जण गेले. नातलगाच्या दशक्रियेसाठी जमलेली माणसं होती ती. त्यानंतर कित्येक दिवस आमच्याकडं नदी हा शब्द वेगळा ऐकू यायचा.

दुसरी बाजूही इथलीच आहे. अकोल्यात श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी कावड निघते. गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरून हजारो लोक राजराजेश्वराच्या मंदिरापर्यंत पायी येतात. पाणी भरताना सगळ्यांचे डोळे कावडीकडे असतात. पाण्यात उतरलेल्या माणसांवर नजर ठेवणं हेच ज्यांचं काम, असे लोक काठावर लागतातच. बार्शीटाकळी तालुक्यातल्या पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक असंच आहे. गावची स्वयंसेवक पोरं दोर, जॅकेट, बोट घेऊन जिल्ह्या-जिल्ह्यांत जातात. त्यांच्याकडं बघून आमच्या खेळात मी एक नवं पात्र घातलं: काठचा माणूस. त्याला तलवार येत नाही, जादू येत नाही. पण तो कोण बोलत नाहीये ते मोजत असतो. सुरुवातीला कोणी घ्यायला तयार नव्हतं. आता त्याच्यासाठी चिठ्ठ्या टाकतो.

मराठीत आपण "बुडाला" म्हणतो ते सगळं संपल्यावर. 2002 साली ॲमस्टरडॅमच्या जागतिक परिषदेत बुडण्याची व्याख्या ठरली, त्यात बुडणं ही एक प्रक्रिया मानली आहे. पाण्यामुळे श्वासात अडथळा यायला लागला की ती सुरू होते. शेवट मरणच असेल असं नाही. म्हणजे "बुडाला"च्या आधी एक "बुडतोय" असतं. काठावरच्यांना काही करायचं असेल तर तेवढ्यातच.

2023 च्या अखजीच्या आधी मी मोर्शीला गेले होते. मामीला मोबाइलवर जीवरक्षकांचे व्हिडिओ दाखवले. वरून घेतलेले. गर्दीनं भरलेला टँक, मधोमध एक पोर उभंच्या उभं खाली-वर होतंय, आजूबाजूला हातभर अंतरावर लोक खेळतायत आणि कोणालाही कळत नाहीये. मामीनं एक व्हिडिओ तीनदा बघितला. मग म्हणाली, "म्हंजे तो खोटं नोता बोलत."

एवढंच बोलली. आमच्याकडं अखजीला गेलेल्या माणसाच्या नावानं कोणाला तरी पितर म्हणून जेवायला बसवतात. त्या वर्षी मामीनं त्या पोराला बोलावलं. आता तो चांगला उंच झालाय. आमरस वाढताना मामी त्याला नावानं हाक मारत होती.

*

आमचे नियम आता वहीच्या एका पानावर मावतात. कोणाला आपल्या टेबलावर वापरायचे असतील तर खुशाल वापरा.

श्वास: स्वस्थ असाल तर तब्येतीच्या दहापट सेकंद, पोहत असाल तर चौपट, झुंजत असाल तर तब्येतीइतकेच. अचानक पडलात तर यातलं निम्मं. पहिला श्वास कोणी भरून घेत नाही.

आवाज: श्वास संपला की कार्ड. बोलणं बंद.

काठ: पाण्यातून बाहेर येणं हा वेगळा फासा. विहिरीला सोपा, नदीच्या चिखलाला अवघड, गुळगुळीत काठाला बाहेरून मदत मिळाल्याशिवाय नाहीच. चांगलं पोहता येणं इथं कामाला येत नाही.

मदत: आधी काठी किंवा दोर, मग तरंगणारं काही, मग होडी. स्वतः उडी सगळ्यात शेवटी आणि कमरेला दोर बांधून. जो तसाच उडी मारेल, त्याला बुडणारा मिठी मारतो आणि दोघांचे राउंड एकत्र मोजले जातात.

बाहेर काढल्यावर: पोट दाबून पाणी काढण्यात, उलटं टांगण्यात जे राउंड जातील ते वाया. व्हॉट्सॲपवर फिरणारा मिठात पुरण्याचा उपाय आमच्या हकीमानं एकदा करून बघायचं म्हटलं, मी राउंड मोजून घेतले, पात्र गेलं. श्वास थांबलाय म्हणजे आधी तोंडानं श्वास द्यायचा, मग छाती दाबायची, दोन्ही चालू ठेवायचं. मेंदूला ऑक्सिजनशिवाय चार-सहा मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. इमादशाहीत 108 नाही. आपल्याकडं आहे.

मामाच्या तळ्याला आता चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेत, टोकाला ट्रकच्या टायरची ट्यूब. शेजारच्या दोन तळ्यांनाही. नायलॉनचा दोर काही महाग नसतो.

आणि टेबलावर एक सवय लागलीय. मी कुठलंही पाणी सांगितलं, नदी, खंदक, भुताचा डोह, तरी पेटी कुठंय, राक्षस किती, हे कोणी आधी विचारत नाही. पहिला प्रश्न येतो, "काठ कसा हाय?"